हजार पटींचं औषध

१९५७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सिबा या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत हंगर, केब्रले, रॉसी आणि हॉफमन या चौघांनी वेदनाशामकांचं एक नवंच घराणं शोधून काढलं. सुरुवातीला हाती लागलेला रेणू अगदीच बेताचा होता. त्याची ताकद अफूतून मिळणाऱ्या मॉर्फिनच्या दहाव्या हिश्शाएवढी. आमच्याकडे असा आकडा आला असता तर सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटांत विषय संपला असता. त्यांनी तो संपवला नाही. सांगाडा तोच ठेवून एका कोपऱ्यात नायट्रो गट बसवला, दुसऱ्या टोकाचं शेपूट बदलत नेलं आणि प्रत्येक वेळी प्राण्यांवर तपासून पाहिलं. एक रेणू मॉर्फिनच्या तिप्पट निघाला. दुसरा शंभर पट. आणखी एक पाचशे पट. आणि इटोनिटाझीन नावाचा एक, हजार पट.

हे इटोनिटाझीन औषध म्हणून कुठल्याच देशात विक्रीला आलं नाही. त्याच्या भावंडांपैकीही कुणी आलं नाही.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत, संशोधन विभागात, उमेदीची सगळी वर्षं काढली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल, रबाळे स्टेशन, तिथून शेअर रिक्षा, आणि एमआयडीसीच्या गेटाशी पोचेपर्यंत नाकात भरलेला सॉल्व्हंटचा वास. आता त्या रस्त्यावर काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर उभी आहेत, पण तेव्हा पारसिकच्या डोंगराखाली रात्रभर रिॲक्टर चालायचे. तिथे काम करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: औषधनिर्मिती म्हणजे मुख्यतः सोडून देणं. मॉलिक्यूल टॉक्समध्ये, म्हणजे विषारीपणाच्या चाचणीत, पडतो, नाहीतर शरीरात टिकत नाही, नाहीतर यकृताला झोंबतो. मग ड्रॉप. एका माणसाची तीन-चार वर्षं एका फाईलमध्ये बंद होतात, सँपलची बाटली फ्रीजरच्या मागच्या रांगेत जाते आणि सोमवारी नवा नंबर सुरू होतो. बाहेरच्या जगाला फक्त बाजारात आलेली औषधं दिसतात. मला मात्र सोडून दिलेल्यांबद्दलच कायम ओढ वाटत आली आहे, कारण कुठलं औषध का सोडलं यातून त्या माणसांची पारख कळते.

आमच्या लॅबमधले वरिष्ठ दोन घराण्यांतले. काही गोरेगावच्या सिबातून आलेले, काही मुलुंडच्या हेक्स्टमधून. सिबाने १९६३ मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र सुरू केलं, टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते, आणि तिथे शोधलेलं सिंटामिल हे नैराश्यावरचं औषध पुढे दुकानांत आलंही. हेक्स्ट तर वेदनाशामकांतलं जुनं नाव. आपल्या आयांच्या पिढीला सिझेरियननंतर जे पेथिडीन टोचलं जायचं ते जर्मनीतल्या हेक्स्टचं, १९३९ सालचं. मेथाडोनही तिथलंच. पेथिडीनची गोष्ट जेवणाच्या सुट्टीत आम्हाला नेहमी सांगितली जायची: त्यांना हवं होतं पोटातल्या कळांवरचं औषध, पण ते दिल्यावर उंदराची शेपटी पाठीवर वळून उभी राहिली, आणि शाउमान यांनी ओळखलं की मॉर्फिन दिल्यावर उंदराची शेपटी अशीच होते. एका शेपटीवरून एवढं मोठं औषध. बाझलच्या त्या चौघांची गोष्टही मला अशीच एका वरिष्ठांकडून कळली. ते सांगायचे, 'त्यांच्या शोधनिबंधातला तक्ता बघ. इतका सुंदर तक्ता पुन्हा बघायला मिळणार नाही.'

तक्ता खरंच सुंदर आहे. ज्या सांगाड्यावर तो उभा आहे तो बेन्झिमिडाझोलचा, आणि तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना चघळायला देतात त्या अल्बेंडाझोलमध्ये तो आहे. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या पँटोप्रॅझोलमध्ये तो आहे. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनमध्ये तर दोनदा आहे. इतका गरीब, सोशिक सांगाडा. त्याच्यावर दोन-तीन अणूंची अदलाबदल केली की ताकद तीनाची शंभर होते, शंभराची हजार होते, हे पाहताना रसायनशास्त्रज्ञाला जो आनंद होतो तो मी पुरेपूर समजू शकते. प्रत्येक नव्या ओळीला आकडा चढत जातो. असा चढता आकडा मला कधी मिळाला असता तर मी रात्री घरी गेले नसते.

आणि तरीही त्यांनी ते सोडलं.

कारण श्वास. मॉर्फिन, पेथिडीन, फेंटानिल, इटोनिटाझीन ही सगळी औषधं शरीरात एकाच कुलपाला लागतात, म्यू रिसेप्टरला. हे कुलूप वेदनेच्या वाटेवर आहे, तसंच ते मेंदूच्या बुंध्यातही आहे, जिथून आपला श्वास आपल्या नकळत चालतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो बुंधा छातीला हुकूम देतो, घे श्वास. ही औषधं तो हुकूम मंद करतात. माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही. श्वासांमधलं अंतर वाढत जातं आणि त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. वेदना थांबवणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांच्यात किती अंतर आहे, यावर औषधाची लायकी ठरते. इटोनिटाझीन मोजक्या रुग्णांवरही तपासलं गेलं आणि ते अंतर फार कमी आहे हे दिसलं. काम तिथेच थांबलं.

हजार पट ताकद ही ऐकायला मोठी गोष्ट वाटते, म्हणून इथे थोडं थांबते. औषधाची ताकद वाढली म्हणजे रुग्णाचा आराम वाढला असं नसतं. ताकद फक्त एवढंच सांगते की तेवढाच आराम मिळायला औषध किती कमी लागेल. मिठाऐवजी हजार पट खारट असं काही हाती आलं तर भाजी हजार पट चवदार होत नाही. चिमटीत चूक व्हायला जागा तेवढी उरत नाही. फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट असूनही टिकलं, कारण पॉल यान्सन यांनी १९६० च्या सुमारास बनवलेलं हे औषध झटकन चढतं आणि पटकन उतरतं. ऑपरेशन थिएटरमध्ये उशाशी भूलतज्ज्ञ उभा असतो, श्वासाची नळी त्याच्या ताब्यात असते. तिथे ते गुणाचं ठरलं. इटोनिटाझीनला अशी जागा मिळाली नाही.

त्याचा एक उपयोग मात्र झाला. व्यसनाचा अभ्यास करणाऱ्यांना असं औषध हवं होतं जे उंदीर स्वतःहून पितील. मॉर्फिन कडू, उंदीर पाण्याला तोंड लावत नाहीत. इटोनिटाझीन इतकं थोडं लागतं की पाण्याला चवच येत नाही. १९६३ साली अमेरिकेत विकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फिनची सवय लागलेल्या उंदरांपुढे ते पाणी ठेवून ते किती पितात हे मोजलं. व्यसनाबद्दलचं आपलं कितीतरी ज्ञान अशा प्रयोगांतून आलेलं आहे. त्याआधीच, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात, इटोनिटाझीनचं नाव अंमली पदार्थांच्या पहिल्या यादीत गेलं होतं.

हे सगळं माझ्यासाठी बरीच वर्षं कागदावरचं होतं. मग आत्याच्या हाडांत कॅन्सर उतरला.

आत्या कोपरखैरण्याला, माथाडींच्या घरांमध्ये राहायची. आतोबा साताऱ्याकडून मुंबईला आलेले, आधी मशीद बंदरला आणि मग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहिलेले. स्तनाचा कॅन्सर एकदा उपचारांनी मागे हटला होता. तो परत आला तो थेट कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांत. हाडाचं दुखणं वेगळंच असतं. कूस बदलली की कळ, खोकला आला की कळ, कुणी पलंगाच्या कडेवर बसलं तरी गादी हलते म्हणून कळ. आत्याने लोकांना पलंगावर बसायची बंदी केली होती, पण दुखतंय असं ती कबूल करत नव्हती. 'तुझ्या आतोबांनी पाठीवर गोण्या वाहिल्या जन्मभर, कधी आई गं म्हणाले का? मला मेलीला पडून राहून काय धाड भरलीय?' हे ती दात आवळून म्हणायची. आपल्याकडे बायकांनी दुखणं सोसण्याची जी परंपरा आहे, तिची मला चीड आहे. कॅन्सरच्या दुखण्यात सोसण्याला काही अर्थ नसतो. झोप जाते, भूक जाते, माणसाशी बोलावंसं वाटत नाही, आणि उरलेला काळ नुसता दुखण्याला दिला जातो.

जवळच्या एका नर्सिंग होममध्ये तिला डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं मिळाली, मग ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉलने ओकाऱ्या झाल्या आणि दुखणं जागच्या जागी. तिथल्या डॉक्टरांनी दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं, 'या वयात, या स्टेजला आणखी काही देता येत नाही.' दादाने मला फोन केला. मी विचारलं, मॉर्फिनबद्दल काही बोलले का? नाही. दादा मेडिकलमध्ये गेला, एकात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. 'साहेब, ते आम्ही ठेवतच नाही. त्याची भानगड फार असते.'

मला ही भानगड माहीत होती, कारण कंपनीतही अंमली पदार्थांच्या यादीतलं काही मिलिग्रॅम रेफरन्स म्हणून आणायचं तरी दोन कुलपांचं कपाट, वजनाची नोंदवही आणि प्रत्येक ओळीला दोघांच्या सह्या लागायच्या. पण तिथे आम्ही यंत्रात घालायला आणत होतो. इथे एक बाई कुशीवर वळू शकत नव्हती.

१९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. हेतू अंमली पदार्थांचा व्यापार मोडण्याचा. पण त्यात मॉर्फिनही अडकलं. एकेका खरेदीला अनेक परवाने लागायचे, प्रत्येकाची मुदत वेगळी, चुकीला कडक शिक्षा. रुग्णालयांनी नसती आफत म्हणून ते ठेवणंच बंद केलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिनची गोळी एकदाही न लिहिता शिकून बाहेर पडल्या. हे सगळं अशा देशात, जिथे सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात आणि तो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. जगातल्या दुखण्याला लागणारा कच्चा माल आपण पिकवतो. कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये तो गोळी होऊन पोचत नव्हता.

केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच अधिकाऱ्याच्या मान्यतेवर ती ठेवता येऊ लागली. कागदावर वाट मोकळी झाली. तरी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाचा हिशेब असा होता की भारतात वेदनाशमनाची जेवढी गरज आहे तिच्या जेमतेम ४ टक्के भागेल एवढंच औषध लोकांपर्यंत पोचतं. कायदा बदलला तरी डॉक्टरची भीती आणि नातेवाइकांची समजूत आपोआप बदलत नाही. हे मी दादाच्या चेहऱ्यावर पाहिलं. मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह ओपीडीत, म्हणजे रुग्णाचं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात, जाऊया म्हटल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, 'मॉर्फिन म्हणजे आता संपलंच का गं?'

त्या ओपीडीतली डॉक्टर अगदी तरुण होती. तिने फाईल बाजूला ठेवली आणि आत्याला विचारलं, 'आजी, दहापैकी किती दुखतंय?' आत्या गप्प. दहापैकी म्हणजे काय, असा चेहरा. डॉक्टर हसली आणि म्हणाली, 'बरं, रुपयातले किती आणे?' आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'चौदा आणे.' इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा हिशेब दिला होता. दादा खिडकीकडे वळला.

डॉक्टरने सुरुवात अगदी लहान मात्रेने केली. पाच मिलिग्रॅम, दर चार तासांनी. 'आजी, ही गोळी दुखल्यावर घ्यायची नाही. घड्याळावर घ्यायची. दुखणं जागं व्हायच्या आत.' सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहा. दहाच्या वेळेला दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला उठायला नको. मध्येच कळ आली तर एक जादा, आणि ती घेतल्याची नोंद ठेवायची. वहिनीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पाच रेघा मारायला सुरुवात केली. जादा गोळी घेतली की लाल पेनाने फुली. पुढच्या भेटीला ती कॅलेंडरचं पानच फाडून घेऊन गेली. डॉक्टरने लाल फुल्या मोजल्या आणि मात्रा तेवढी वाढवली. एवढंच शास्त्र. चौघांच्या तक्त्याइतकंच ते मला सुंदर वाटलं.

आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मॉर्फिनची मळमळ आठवड्याभरात जाते, गुंगीही उतरते, पण बद्धकोष्ठ जात नाही, आणि लोक त्याला कंटाळून मॉर्फिनच बंद करतात.

दादाला व्यसनाची धास्ती होती, ती त्याने डॉक्टरला विचारली नाही, मला विचारली. मी त्याला सांगितलं ते असं: शरीराला औषधाची सवय होणं आणि माणूस औषधाच्या मागे लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखण्याच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत, घड्याळावर दिलेलं मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाचा श्वास सहसा थांबत नाही. अचानक बंद करू नये, एवढं पथ्य. तो म्हणाला, 'मग हे सहा महिन्यांपूर्वी कुणी का दिलं नाही?' याचं उत्तर माझ्याकडे होतं, वर लिहिलंय तेच, पण ते त्याला तेव्हा देण्याची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आत्या चार आण्यांवर आली. मी गेले तेव्हा ती पलंगावर पाय सोडून बसली होती, नात खाली पाटावर, आणि आत्या तिच्या केसांना खोबरेल लावत होती. बोटं टाळूवर गोल फिरत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. मी सवयीने उभीच राहिले. ती म्हणाली, 'बस की पलंगावर, उभी का?'

ती त्यानंतर काही महिने राहिली. ते महिने त्या घराला मिळाले. ती गेल्यावर वहिनीने उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत नेऊन दिल्या. तिथल्या फार्मसिस्टने त्या मोजल्या, नोंदवहीत लिहिल्या, वहिनीची सही घेतली. कायद्याची ही बाजू मला पटते. मोजदाद हवीच. मोजदादीच्या धास्तीने गोळीच ठेवायची नाही, हे मला पटत नाही.

सिबाने जे फाईलमध्ये बंद केलं ते बंद राहिलं नाही. १ मे २०१९ पासून चीनने फेंटानिलच्या सगळ्या घराण्यावर एकदम नियंत्रण आणलं. त्याच वर्षी युरोप आणि अमेरिकेतल्या तपासणी प्रयोगशाळांना नमुन्यांत आयसोटोनिटाझीन सापडायला लागलं, त्या तक्त्यातलं पाचशे पटींचं भावंड. साठ वर्षांपूर्वीचा निबंध कुणीतरी ग्रंथालयातून काढून वाचला होता. एस्टोनिया आणि लात्वियात २०२३ साली अंमली पदार्थांनी झालेल्या मृत्यूंमध्ये या घराण्याचा, म्हणजे नायटाझीनचा, मोठा वाटा होता. घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण काय घेतोय हेही ठाऊक नसतं. झोपेची किंवा दुखण्याची म्हणून विकलेल्या बनावट गोळीत ते असतं. नालोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने माणसाला परत आणता येतं, पण कधी कधी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. हीच गत अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या यू-४७७०० ची झाली, ब्रिटनमधल्या ॲलन अँड हॅनबरीजच्या एएच-७९२१ ची झाली. दोन्ही १९७० च्या दशकातली, दोन्ही कधी औषध न झालेली, दोन्ही चाळीसेक वर्षांनी रस्त्यावर आलेली. बाहेरचंच कशाला, २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडून पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या, टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांच्या मिश्र गोळ्यांची बातमी आली. त्या मिश्रणाला भारतात मंजुरीच नव्हती. सरकारने मग त्याच्या उत्पादन-निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला लावल्या. मी ज्या व्यवसायात वाढले त्या व्यवसायातल्या कुणीतरी त्या गोळ्यांची बॅच पास केली असणार, हे डोक्यातून जात नाही.

बाझलच्या चौघांना मी दोष देत नाही. त्यांनी शोधलं, मोजलं, लपवलं नाही, आणि धोका दिसल्यावर पुढचं पाऊल टाकलं नाही. औषधशास्त्राची नैतिकता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? माझा राग दुसरीकडे आहे. ज्या रेणूला जाणत्यांनी नको म्हटलं तो समुद्र ओलांडून माणसांच्या नसांत पोचला. ज्याला जगाने हवं म्हटलं, जो स्वस्त आहे, ज्याचा कच्चा माल आपल्या शेतात पिकतो, ज्याच्यावर दोनशे वर्षांचा अनुभव जमा आहे, तो वाशीच्या खाडीच्या या काठाला येईपर्यंत थकतो.

शास्त्रज्ञांनी श्वासाला धक्का न लावता वेदना थांबवणाऱ्या औषधाचा शोध सोडलेला नाही, आणि तो सुटू नये असं मला मनापासून वाटतं. २०१२ मध्ये म्यू रिसेप्टरची घडण अणूंपर्यंत दिसली. २०१६ मध्ये संगणकावर लाखो रेणू त्या खाचेत बसवून पाहत एका गटाने पीझेडएम२१ नावाचा रेणू निवडला; उंदरांत तो वेदना थांबवतो आणि श्वासाला फारसा हात लावत नाही, असं त्यांना दिसलं. तेव्हा निवृत्तीची वर्षं जवळ आलेली असूनही मी तो निबंध छापून घेतला होता, पेन घेऊन वाचला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलं, तर त्यानेही उंदरांचा श्वास मंद केला. हाही अजून प्रयोगशाळेबाहेर आलेला नाही. कुणीतरी कुठेतरी पुढचा नंबर सुरू केला असेल. त्याला यश येवो. पण आत्याला नवं काही लागलं नव्हतं. तिला १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसाने अफूतून वेगळं काढलेलं औषध, पाच मिलिग्रॅमपासून सुरू करून, कुणीतरी मोजून देण्याची गरज होती.

आत्यानंतर मला फोन येतात. दादाच्या ओळखीतून, वहिनीच्या भिशीतून, घणसोलीहून, ऐरोलीहून, कळव्याहून. बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून मी आधी ऐकून घेते आणि मग भराभर सांगते. कॅन्सरवर उपचार चालू असले तरी पॅलिएटिव्ह विभागात जाता येतं, उपचार थांबायची वाट बघू नका. बायोप्सीचा कागद, शेवटचा स्कॅन आणि आता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळेल का, असं नाव घेऊन विचारा. या संस्थेत ठेवत नाहीत असं म्हणाले तर कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेत मिळेल ते लिहून मागा. रुग्णाला जायला जमत नसेल तर घरी येणारी टीम आहे का ते विचारा. वेळा लिहायला एक जुनं कॅलेंडर भिंतीवर ठेवा. गुंगी जास्त वाटली, श्वास मंद वाटला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, ते राहून जातं.